कानातली शिकवणी

१

“तुझे कान वाजतायत,” असं आपण म्हणतो ते समोरच्याला गप्प करायला. काही नाहीये, तुला भास होतोय, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे येणाऱ्या माणसांनी हे वाक्य घरच्यांकडून इतक्यांदा ऐकलेलं असतं की खुर्चीत टेकायच्या आधीच तक्रार सुरू होते. “घरचे म्हणतात, माझे कान वाजतायत.” मी म्हणते, “वाजतच आहेत. कसे वाजतात ते बघू.”

बहुतेकांचा आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येतो. त्यांना मी फारशी मदत करू शकत नाही, नुसतं ऐकून घेते. पण क्वचित एखाद्याचा आवाज खरोखरचा असतो. आत कुठे शीर फुरफुरत असते, कुठे एखादा स्नायू फडफडत असतो. कानात बारीक मायक्रोफोन बसवला की मलाही तो ऐकू येतो. असे आवाज टिपायचे, संगणकावर त्यांची रेघारेघांची चित्रं काढायची, आणि हे कशामुळे होत असेल ते मोठ्या डॉक्टरांना कळवायचं, हे माझं काम. अकरा वर्षांत त्रेपन्न आवाज जमले होते. एका बाईंच्या कानात शिलाई मशीन चालायचं. ते मी त्यांच्या नवऱ्याला स्पीकरवर ऐकवलं, तेव्हा तो माणूस खाली मान घालून रडला. सहा वर्षं तो तिला वेडी म्हणत होता.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. खोलीत खोली आहे. आतली आवाजबंद, भिंतींना राखाडी स्पंज, हातभर जाडीचं दार, मधे दुहेरी काच. काचेच्या अलीकडे मी आणि माझी यंत्रं. पलीकडे पेशंट. आत बोललेलं वाक्य तोंडासमोरच गळून पडतं. नवीन माणसाला तिथे गुदमरल्यासारखं होतं. मला सवय आहे.

चोपन्नावा आवाज घेऊन बाइंडर आजोबा आले. पुस्तकबांधणी करायचे. बोटांच्या पेरांवर खळ वाळून वाळून कातडी चकचकीत झालेली. त्यांच्यासोबत सहा वर्षांची नात होती. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. मी तिला ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी तिची तपासणी मीच केली होती. दोन्ही कानांकडून मेंदूकडे जाणारी नसच तयार झालेली नव्हती. यंत्रावरची रेघ सरळ, आणि ते तिच्या आईला सांगायचं काम माझ्याकडे आलेलं. तो दिवस मी विसरले नव्हते.

“चार महिने झाले, ताई,” आजोबा म्हणाले. “उजव्या कानात. कोणी नखानं पुठ्ठ्यावर टकटक करावी तसं. मला वाटलं, वाळवी. जन्म पुस्तकांत काढला, आता डोक्यात शिरली असेल.”

मी हसले. मायक्रोफोन बसवून बाहेर आले, हेडफोन लावले. टक, टक, टक. थोडं थांबून टक, टक. स्वच्छ आवाज होता. नाडीशी त्याचा मेळ नव्हता, श्वासाशीही नव्हता.

तपासणी संपल्यावर मायक्रोफोन काढला, तशी भिंगरी आजोबांच्या मांडीवर चढली आणि तिने आपला कान त्यांच्या उजव्या कानाला लावला. एरवी क्षणभर न ठरणारी ती पोर पुतळ्यासारखी थांबली. मग हसली आणि डोलायला लागली. तीनदा, थांबून दोनदा.

“हिला ते ऐकू येतं,” आजोबा चोरी कबूल करावी तसे हळूच म्हणाले. “सांगितलं तर तुम्ही हसाल.”

“ऐकू नाही येत, आजोबा. हाडातून थरथर जाते, ती तिला जाणवत असणार.”

“असेल,” ते म्हणाले. “पण रेडिओला डोकं लावून पाहिलं आम्ही. ढोलाला लावलं, कपडे धुवायच्या मशीनला लावलं. तिथे नाही हसली कधी.”

२

मोठ्या डॉक्टरांनी चित्र पाहून लगेच सांगितलं. कानाच्या आत दोन चिमुकले स्नायू असतात. त्यांतला एक उगाचच आखडतोय. त्याचं टोक कापून टाकलं की झालं. अर्ध्या तासाचं काम, भूल कानापुरतीच.

आजोबांना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. त्यांची झोप गेली होती. हात थरथरायला लागल्यामुळे काम जवळजवळ सुटलं होतं. एका जाड ग्रंथाचे भाग त्यांनी उलटसुलट शिवले आणि गिऱ्हाईकाने तो परत आणून दिला, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“मग करून टाकू या,” मी म्हटलं.

ते भिंगरीकडे बघत राहिले. ती माझ्या फिरत्या खुर्चीवर गरगर फिरत होती.

“दिवसातून चार-पाचदा येते,” ते म्हणाले. “खेळता खेळता मधेच उठून येते, कान लावते, हसते आणि जाते. तिच्या सगळ्या जगात एवढा एकच आवाज आहे, ताई. तो मी कापून टाकू?”

३

त्यांच्या दुसऱ्या फेरीत मी भिंगरीला माझ्याजवळ काचेच्या अलीकडे बसवलं, काचेकडे पाठ करून. मला तो थरथरीचा मुद्दा मिटवायचा होता. दुहेरी काचेतून, जाड दारातून कुठलीही थरथर येणं शक्य नव्हतं. तिला एका डब्याचं झाकण आणि पेन्सिल दिली, झाकणाजवळ दुसरा मायक्रोफोन ठेवला. आजोबा आत डोळे मिटून बसले.

ती पेन्सिलीने वाजवायला लागली. तीनदा, थांबून दोनदा. हेडफोनमध्ये आजोबांचा कान वाजत होता. तीनदा, थांबून दोनदा.

पाठ झालं असेल तिला, मी स्वतःला समजावलं.

ती गेल्यावर दोन्ही आवाजांची चित्रं मी एकाखाली एक लावली. वर कान, खाली झाकण. पट्टी लावून आखावं तसं जुळत होतं. चित्र मोठं केलं, तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी खुर्ची मागे सरकवली. ती आवाजाच्या मागून वाजवत नव्हती. झाकण आधी वाजत होतं. आजोबांचा कान त्यानंतर, अर्ध्या सेकंदाच्या आत.

यंत्राचं घड्याळ चुकत असेल म्हणून दोन्ही मायक्रोफोन शेजारी ठेवून टाळी वाजवली. घड्याळ बरोबर होतं.

पुढचं त्याहून विचित्र. चौथ्या मिनिटाला तिने तीनदा वाजवलं. कान चारदा वाजला. ती थांबली, तेवढा भाग चित्रात कोरा आहे. मग तिने चारदा वाजवलं. कान पाचदा.

लहान मुलाला आपण असंच शिकवतो. आधी त्याचं त्याला करू देतो. मग आपण एक पाऊल पुढे टाकतो आणि वाट बघतो.

४

भिंगरीची आई, म्हणजे आजोबांची लेक, बेकरीत कामाला. पहाटे जायची, दुपारी सुटायची. ती आली तेव्हा कोपरापर्यंत पीठ होतं. घरी न जाता थेट आली होती.

“मॅडम, ती बोलली,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

“कोण?”

“आमची भिंगरी. काल ‘आई’ म्हणाली मला. मी भांडी घासत होते, मागून हाक आली. मला वाटलं, शेजारचं मूल. वळून बघते तर ही.”

मी तिला बसवलं, पाणी दिलं. जन्मापासून न ऐकणारी मुलं आवाज काढतात. पण शब्द स्पष्ट उच्चारत नाहीत, कारण त्यांनी तो कधी ऐकलेलाच नसतो. हे मी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

“कसा होता उच्चार?”

“अगदी स्वच्छ. तुमच्यामाझ्यासारखा. फक्त...” तिने ग्लास खाली ठेवला. “हाक मारल्यासारखा नव्हता. धडा म्हणून दाखवल्यासारखा होता. म्हणून झाल्यावर ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाबांच्या कानाकडे बघत होती. बरोबर आलं का, असं विचारल्यासारखं.”

तिचे डोळे भरून आले. “सहा वर्षं मी या शब्दासाठी झुरले, मॅडम. मला आनंद व्हायला पाहिजे ना? मग मी रात्रभर दिवा लावून का बसले?”

मी तिचा ग्लास पुन्हा भरला.

“बाबांचं वजन किती उतरलंय बघा. ते ऑपरेशनला नाही म्हणतात, तिच्यापायी. तुम्ही ऐकता ना रोज ते? तुम्हीच सांगा. जे काय आहे ते बरं आहे की वाईट?”

“तो एक स्नायू आहे,” मी म्हटलं. आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी आजोबांची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा काढली. टकटकीच्या मधे जी बारीक खरखर असते, ती मी दर वेळी पुसून टाकत असे. सगळेच पुसतात. मायक्रोफोनचा, केबलचा, कपड्यांचा आवाज असतो तो. आज टकटक पुसली आणि खरखर ठेवली. तिचा वेग कमी केला. आणखी कमी केला.

कोणीतरी बोलत होतं.

बाईचा आवाज की पुरुषाचा, ते कळत नव्हतं. ओठ कानाला टेकवून बोलावं इतक्या जवळून, आणि तरी फार लांबून चालत आल्यासारखा दमलेला. “आ... ई.” मग थांबायचं. मूल किती वेळ घेईल याचा अंदाज असणाऱ्या माणसाने थांबावं, तेवढंच. पुन्हा, “आ... ई.” त्यात घाई नव्हती, चिडचिड नव्हती. एकाच बैठकीत मी तो शब्द एकेचाळीस वेळा मोजला आणि एकेचाळिसाव्या वेळचा आवाजही पहिल्याइतकाच मायेचा होता.

ऐकायचं असलं की खरखरीतही शब्द ऐकू येतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. म्हणून मजल्यावरच्या वयस्क सिस्टरांना बोलावलं. काही न सांगता हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“कोण हो ही? किती शांतपणे शिकवतेय. आमच्या नातवाला अशी बाई मिळायला हवी. त्याची ती बाई नुसती खेकसते.”

मी गेल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग लावलं. तिथे धडा बदलला होता. सिस्टरांनी मान कलती केली.

“‘ये’ म्हणतेय,” त्या म्हणाल्या. “ये... ये... असं.” मग हेडफोन काढून त्यांनी मला विचारलं, “पण हे मुलाला म्हणायला शिकवतेय ना? मग मुलानं कोणाला ‘ये’ म्हणायचंय?”

६

आजोबांना आणि लेकीला मी सगळं सांगितलं. लपवावं असं वाटत होतं, पण कान त्यांचा होता. आजोबांनी ऐकायची इच्छा दाखवली. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले. ते बराच वेळ ऐकत होते. पांढऱ्या मिशीवरून पाणी ओघळलं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“किती जीव लावून शिकवतंय,” ते म्हणाले. “आपण कंटाळलो असतो गं. मी तर नक्कीच.”

लेकीने त्यांचा हात धरला. ती आली होती ऑपरेशनचा हट्ट धरायला; आता तिचंच मन होईना. “बाबा, ते थांबलं आणि ती पुन्हा बोललीच नाही तर?”

“पाच महिने ते माझ्यात राहतंय,” आजोबा म्हणाले. “तुला आई म्हणायला शिकवलं पोरीला. हे उपकार मी विसरणार नाही. पण मला एक सांग. कोणाच्या घरी शिकवायला जाणारा माणूस आधी आपण कोण, कुठले, ते सांगतो की नाही? यानं सांगितलं नाही. थेट मुलीशीच बोलायला लागलं.” त्यांनी मिशी पुसली. “कापू या ते.”

“आणि ती?”

“मी शिकवीन.”

“तिला तुमचा आवाज ऐकू येत नाही, बाबा.”

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले.

७

ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. मी सुट्टी टाकून लेकीबरोबर बाहेरच्या बाकावर बसले. ऑपरेशनच्या खोलीला झुलतं दार होतं, ढकलून सोडलं की आपोआप मिटणारं. भिंगरी जमिनीवर बसून कागदावर रेघोट्या मारत होती. कॉरिडॉरमध्ये फिनाइलचा वास होता. कुठेतरी एक नळ टपकत होता. वीस मिनिटं गेली.

एकदम भिंगरीची पेन्सिल थांबली. तिने मान वर करून दाराकडे बघितलं. आई प्रवासाला निघाल्यावर मुलं बघतात, तसा चेहरा होता. तिने तोंड उघडलं.

लेक बाकावरून अक्षरशः पडलीच तिच्या अंगावर. दोन्ही हातांनी तिने पोरीचं तोंड दाबून धरलं. मला ‘ये’चा अर्धाच उच्चार ऐकू आला. तो पूर्ण झाला का, ते मला आजही सांगता येणार नाही. तळहाताखाली ओठ हलत होते, हे मात्र मी पाहिलं.

त्याच वेळी आतून एक परिचारिका ट्रे घेऊन बाहेर आली आणि आमच्यासमोरून निघून गेली. तिच्यामागे दार मिटायला लागलं. अर्ध्यावर आलं आणि तसंच राहिलं. आपल्या मागून कोणी येत असलं की आपण दार धरून ठेवतो, तेवढा वेळ. मग मिटलं.

“बिजागरी अडकली असेल,” मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

आजोबा त्या दिवशी चौदा तास झोपले.

८

घरी आल्यावर भिंगरीने त्यांच्या उजव्या कानाला कान लावला. मग डाव्या कानाला. मग पुन्हा उजव्या. लेक मला सांगत होती, ती रडली नाही, नुसती जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस भिंगरी फिरली नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबा तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिचा तळहात घेतला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, “आ... ई.” फार वर्षांपूर्वी एका पुस्तकाची बांधणी करताना त्यांनी तसं वाचलं होतं. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला कोणी गळ्याला हात लावून बोलायला शिकवलं होतं. चोवीस पानांचा तो भाग शिवायचं सोडून ते वाचत बसले होते म्हणे.

आपण कंटाळू असं त्यांना स्वतःलाच वाटलं होतं. कंटाळले नाहीत. सकाळ-संध्याकाळ तिचा हात गळ्यावर. गळा लाल व्हायचा. तीन आठवड्यांनी ती “आजोबा” म्हणाली. बोबडं, घोगरं, मधला ‘ब’ खाल्लेलं. लेकीने मला बेकरीतून फोन केला आणि नुसती हसत राहिली. मागे ओव्हनची घंटा वाजत होती, ती बंद करायचंही तिला भान नव्हतं.

“हे खरं तिचं बोलणं आहे ना, मॅडम?” तिने विचारलं. “वाईट आहे उच्चार. म्हणजे तिचंच आहे.”

९

याला आता तीन वर्षं झाली. आजोबा पुन्हा पुस्तकं बांधतात. भिंगरी शाळेत जाते, पुष्कळ बोलते. तिच्या बाईंनी मला मध्यंतरी विचारलं होतं की काही शब्द तिला घरी कोण शिकवतं, कारण ते घरी कोणालाच माहीत नाहीत. मी म्हटलं, आजोबा खूप वाचतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी आजोबांचा कान पुन्हा तपासला. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, रेघ सरळ. पूर्ण शांत. मी काचेतून अंगठा दाखवला. ते हसले. मी इकडे कागद भरत होते, आतला मायक्रोफोन चालूच होता, हेडफोन माझ्या कानावर होते. आत ते बाकावर बसले होते, भिंगरी त्यांच्यासमोर उभी होती. त्यांचा रोजचा पाठ सुरू झाला.

तिने डावा हात त्यांच्या गळ्यावर ठेवला. “आजोबा,” ते म्हणाले. “आजोआ,” ती म्हणाली.

मग तिने उजवा हात वर केला. टाचा उचलून, हवेत, बाकाच्या रिकाम्या बाजूला, जरा वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचा गळा जिथे येईल तिथे. तळहात किंचित गोलाकार, आजोबांच्या गळ्यावर धरते तसा. आणि ती थांबली. समोरच्याचं बोलून होईपर्यंत आपण थांबतो, तशी.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझ्या त्या वागण्याला भ्याडपणा म्हणा. ती फाईल माझ्याकडे आहे, मी ती उघडलेली नाही.

काचेतून दिसलं ते एवढंच. भिंगरीचे ओठ हलले. आजोबांनी तिच्या त्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. ते उठतील, तिला उचलून बाहेर येतील, असं मला वाटलं. मी दाराच्या कडीला हात घातला होता. पण भिंगरी हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी तिला तसं हसताना पाहत होते. आजोबा बराच वेळ त्या हसण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि बाकावर थोडे सरकले. एका माणसाला बसता येईल, इतके.

भिंगरीने टाचा टेकल्या. तिचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर, आजोबांच्या गळ्याच्या पातळीला येऊन थांबला.